एकशे चाळीस अल्बम आणि कलम ७५

१९६० च्या दशकातली गोष्ट. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात एका गृहस्थाने जाहिरात बघितली. गाण्यांचे १४० स्टीरिओ अल्बम घ्या, किंमत ६९८ डॉलर, आणि वर रेकॉर्ड प्लेअर फुकट! त्या काळात स्टीरिओ ही नवलाई होती. गडी खूश झाला. थोडे पैसे लगेच भरले आणि बाकीचे ३६ मासिक हप्त्यांत द्यायचं ठरलं. सही केली, तीही एक नाही तर दोन कागदांवर. एक करार आणि दुसरी वचनचिठ्ठी.

आता गंमत बघा. १४० अल्बम एकदम मिळणार नव्हते. सुरुवातीला १२, मग दर काही महिन्यांनी थोडे थोडे. हिशेब केला तर शेवटचा अल्बम हातात पडायला पाच वर्षांहून जास्त काळ लागणार होता. पैसे मात्र तीन वर्षांतच वसूल! प्लेअर आला, पहिले १२ अल्बम आले आणि मग काहीच नाही. विचारणा करून झाली, तगादा लावून झाला, शेवटी कळलं की कंपनीचं दिवाळं निघालंय. साहेबांनी हप्ते बंद केले. तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं. १२ अल्बम म्हणजे चोराच्या हातची लंगोटी समजायची आणि विषय सोडून द्यायचा.

पण विषय त्यांना सोडेना. 'युनिको' नावाच्या एका फायनान्स कंपनीने त्यांच्यावर दावा ठोकला. ती वचनचिठ्ठी रेकॉर्डवाल्यांनी युनिकोला केव्हाच विकून टाकली होती. युनिकोचं म्हणणं सरळ होतं. आम्ही चिठ्ठी रोख पैसे देऊन विकत घेतली. त्यावर तुमची सही आहे. रेकॉर्डी आल्या की नाही हे तुम्ही आणि दुकानदार बघून घ्या, आमचा काय संबंध?

"आमचा काय संबंध" हे वाक्य लक्षात ठेवा. आजचं सगळं पुराण त्याच वाक्याचं आहे.

क्रेडिट कार्डाने महागडी वस्तू घेतली, ती यायला चार-सहा महिने लागणार आहेत आणि मधेच दुकान बुडालं, तर पैसे परत मिळतात का? हा प्रश्न मला ऑफिसात अधूनमधून विचारला जातो. (मी काही वर्षं एका पेमेंट्सच्या प्रोजेक्टवर घालवली आहेत, हे त्याचं कारण. फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला लग्नातही फ्रिजबद्दल विचारतात, तसंच हे.) माझं उत्तर असतं, "कुठल्या देशात?" त्यावर समोरचा कंटाळून निघून जातो. म्हणून हे सगळं एकदाच लिहून काढतोय.

तर युनिको इतक्या ताठ मानेने दावा का करू शकली? त्यासाठी अजून दोनशे वर्षं मागे जावं लागेल, लंडनला. ११ डिसेंबर १७५६ च्या रात्री टपाल लुटलं गेलं. त्यात बँक ऑफ इंग्लंडची २१ पौंड १० शिलिंगांची एक नोट होती. दुसऱ्याच दिवशी ती मिलर नावाच्या एका खानावळवाल्याकडे पोचली. कुणीतरी दिली, त्याने पूर्ण मोल देऊन घेतली, चोरीचा त्याला पत्ताही नव्हता. मूळ मालकाने बँकेला सांगून पेमेंट थांबवलं होतं. मिलर नोट वटवायला गेला तेव्हा बँकेच्या कारकुनाने पैसेही दिले नाहीत आणि नोटही परत केली नाही. खटला लॉर्ड मॅन्सफील्डसमोर आला आणि १७५८ साली निकाल लागला, मिलरच्या बाजूने. नोट ही घोड्यासारखी किंवा घड्याळासारखी वस्तू नाही, तो पैसा आहे, असं मॅन्सफील्डने धरलं. ज्याने प्रामाणिकपणे, मोल देऊन घेतली त्याची ती. तिच्या मागचा इतिहास उकरायचा नाही.

हा निकाल चुकीचा होता असं कृपया समजू नका. तो अफलातून होता. विचार करा, किराणावाल्याने तुमच्याकडून पाचशेची नोट घेताना "ही तुम्हाला कुणी दिली, त्याला कुणी दिली, मधे कुणी फसवलं तर नाही ना" अशी चौकशी सुरू केली तर बाजार दुपारपर्यंत बंद पडेल. कागदाने आपला भूतकाळ विसरायचा, म्हणूनच तो हातोहात फिरतो. आमच्या भाषेत सांगायचं तर हा स्टेटलेस प्रोटोकॉल आहे. हे तत्त्व नोटांपासून हुंड्यांना, चेकना, वचनचिठ्ठ्यांना लागू झालं. आपल्या १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्येही ते आहे. कलम ९, 'होल्डर इन ड्यू कोर्स'. बी.कॉम. झालेल्यांनी हे परीक्षेपुरतं पाठ केलेलं असेल.

घोटाळा झाला तो हे तत्त्व व्यापाऱ्यांच्या पेढीवरून उचलून सामान्य माणसाच्या दिवाणखान्यात आणलं तेव्हा. विसाव्या शतकात हप्त्यावर वस्तू घेणं सर्रास झालं. शिवणयंत्र, फर्निचर, मोटार, सगळं हप्त्यावर. दुकानदार गिऱ्हाइकाकडून वचनचिठ्ठी लिहून घ्यायचा आणि त्याच दिवशी फायनान्स कंपनीला विकायचा. फायनान्स कंपनी मिलरच्या खुर्चीत बसायची, म्हणजे प्रामाणिक, अजाण, मोल देऊन घेतलेली. प्रत्यक्षात ती अजाण वगैरे काही नसायची. कुठलं दुकान माल देतं आणि कुठलं टोप्या घालतं हे तिच्या वसुलीच्या वह्यांत लख्ख दिसायचं. युनिकोच्या बाबतीत तर कोर्टासमोर हेच आलं की ही कंपनी मुळात त्या रेकॉर्डवाल्यांना पैसा पुरवण्यासाठीच काढलेली होती. करार कसा असावा, कुठल्या गिऱ्हाइकाला उधार द्यावं, सगळ्यात तिचा हात. १९६७ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, तुम्ही दोघं एकाच धंद्यात आहात, तेव्हा अजाणपणाचं सोंग चालणार नाही. गिऱ्हाईक जिंकलं. करारात "दुकानदाराबद्दलच्या तक्रारी फायनान्स कंपनीला सांगणार नाही" असं एक कलम होतं, तेही कोर्टाने लोकहिताच्या विरुद्ध म्हणून रद्द ठरवलं.

इथे जरा थांबतो, कारण उशिरा मिळणाऱ्या वस्तूंचं म्हणून जे वेगळेपण आहे ते नेमकं या खटल्यात दिसतं. दुकानातून पेन घेतलं तर पैसे आणि वस्तू एकाच क्षणी हात बदलतात. पण सोफा सहा महिन्यांनी येणार असेल आणि पैसे आज दिले असतील, तर मधले सहा महिने तुम्ही गिऱ्हाईक नसताच. तुम्ही सावकार असता! दुकानाला तुम्ही बिनव्याजी कर्ज दिलंय, तारण न घेता. उद्या दुकान बुडालं की आधी तारणवाली बँक, मग सरकारी देणी, कामगार वगैरे, आणि रांगेच्या शेवटी तुम्ही, पावती हातात धरून. एक रुपयाला दहा पैसे मिळाले तर सत्यनारायण घालावा. बँक कर्ज देताना ताळेबंद बघते, तारण मागते, वर माणूस पाठवून गोदाम तपासते. तुम्ही काय बघितलं होतं? कापडाचा रंग.

(यावरून चेतक आठवली. आमच्या आधीच्या पिढीने बजाजच्या स्कूटरसाठी अनामत भरून वर्षानुवर्षं वाट बघितली. पण तिथे नुसता उशीर होता. बजाज बुडेल आणि आपली अनामत जाईल अशी चिंता कुणाला नव्हती. नुसत्या थांबण्याने कुणाचं नुकसान होत नाही. त्या काळात आपला पैसा कुणाच्या गल्ल्यात पडून आहे, हा खरा प्रश्न.)

असो. आता कार्डांकडे येऊ. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो शहरात ६०,००० लोकांना न मागता कार्डं पोस्टाने पाठवली. बँकअमेरिकार्ड. पुढे यातूनच व्हिसा झालं. जून १९६६ मध्ये बार्कलेज बँकेने तीच पद्धत इंग्लंडात आणली, बार्कलेकार्ड. कार्डात वचनचिठ्ठी नसते, त्यामुळे मॅन्सफील्डचं तत्त्व थेट लागू होत नाही. पण बँका हुशार. करारात छापलं की झालं, दुकानाशी तुमचं काय बिनसलं असेल ते आम्हाला सांगू नका, बिल वेळेवर भरा. थोडक्यात, "आमचा काय संबंध" ची प्लास्टिक आवृत्ती.

ब्रिटनमध्ये १९६८ साली लॉर्ड क्राउदर यांच्या अध्यक्षतेखाली ग्राहक-कर्जांवर एक समिती नेमली गेली. क्राउदर म्हणजे द इकॉनॉमिस्टचे माजी संपादक, कुणी डावे चळवळे वगैरे नव्हेत. समितीचा अहवाल १९७१ साली आला. त्यातली एक शिफारस अशी होती की कर्ज देणारा आणि विकणारा जर संगनमताने धंदा करत असतील, म्हणजे त्यांच्यात आधीपासून व्यवस्था असेल, तर विकणाऱ्याच्या चुकीला कर्ज देणाराही जबाबदार. क्राउदर समितीच्या मते दोघं एका जोखमीच्या धंद्यातले भागीदारच. कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने विधेयक मांडलं, मधे निवडणूक आली, सरकार बदललं, लेबर सरकारने ते पुढे नेलं आणि जुलै १९७४ मध्ये कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट मंजूर झाला. त्यातलं कलम ७५ म्हणजे आपल्या कथेचा नायक.

कलम तसं लहानसं आहे पण दणका मोठा. दुकानदाराने करार मोडला किंवा खोटं सांगून माल विकला, तर दुकानदारावर जो दावा करता आला असता तोच्या तो कार्डाच्या बँकेवर करता येतो. आधी दुकानदाराला कोर्टात खेचा अशी अट नाही. दोघं सारखेच जबाबदार, हाताला लागेल त्याला धरा. दुकान बुडालं असेल तर हाताला लागणारी एकच पार्टी उरते, बँक. वस्तूची किंमत मुळात ३० पौंडांहून जास्त आणि १०,००० पौंडांपर्यंत असावी लागे. १९८० च्या दशकात ते आकडे १०० आणि ३०,००० झाले आणि पुढे चार दशकं तिथेच राहिले.

यातली सगळ्यात भारी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. मर्यादा वस्तूच्या किमतीला आहे, कार्डावर किती भरले त्याला नाही. समजा ९,००० पौंडांचं स्वयंपाकघर करायला दिलं. २०० पौंड बयाणा कार्डाने भरला आणि बाकीचे ८,८०० चेकने. कंत्राटदार पळाला, तर बँक संपूर्ण ९,००० ला जबाबदार! २०० ला नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बग वाटला. मग विचार केल्यावर कळलं की तर्क अगदी पक्का आहे. बँकेने त्या सौद्यात पाय टाकला ना? मग पाय अर्धा टाकला की पूर्ण, हे मोजत बसायचं नाही. शिवाय नुकसानभरपाईही आली. कपाट पडून फरशी फुटली, तर फरशीचे पैसेही.

हे कलम १ जुलै १९७७ पासूनच्या करारांना लागू झालं आणि ५ फेब्रुवारी १९८२ ला त्याची मोठी परीक्षा झाली. फ्रेडी लेकर नावाच्या धडाडीच्या माणसाची लेकर एअरवेज त्या दिवशी कोसळली. स्वस्तात अटलांटिक पार करून देणारी, गोरगरिबांची लाडकी कंपनी. विमान तिकीट म्हणजे उशिरा मिळणाऱ्या मालाचा अर्कच, पैसे जानेवारीत आणि प्रवास ऑगस्टमध्ये. ज्यांनी कार्डाने तिकिटं काढली होती त्यांनी बँकांची दारं ठोठावली आणि बँकांना पैसे मोजावे लागले. कलम ७५ नावाचं काहीतरी असतं हे सामान्य ब्रिटिश माणसाला कळायला असे प्रसंग कारणीभूत झाले.

अमेरिकेनेही १९७४ सालीच कायदा केला, फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्ट. पण तो वाचताना जाणवतं की टेबलापलीकडे बँकांचे वकील बसले होते. दुकानदाराविरुद्धची तक्रार कार्डाच्या बँकेला सांगता येते खरी, पण खरेदी ५० डॉलरहून मोठी हवी, दुकान तुमच्या राज्यात किंवा घरापासून १०० मैलांच्या आत हवं, आधी दुकानदाराशी प्रामाणिकपणे बोलून बघितलेलं हवं, आणि मिळणार किती, तर त्या खरेदीचं जेवढं बिल अजून भरायचं बाकी आहे तेवढंच. म्हणजे जो शहाण्यासारखा दर महिन्याला पूर्ण बिल भरतो त्याच्या हाती भोपळा! त्याच कायद्यात दुसरी एक वाट आहे. माल न मिळणं ही 'बिलातली चूक' धरली जाते आणि तिला मैलांची अट नाही. पण ती तक्रार बिल पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी करायची. सोफा सहा महिन्यांनी येणार असेल तर ६० दिवसांत तुम्ही काय तक्रार करणार? "अजून आला नाही"? तो येणारच नव्हता! हा कायदा झटपट खरेदीसाठी लिहिला गेला आणि वाट बघणारा माणूस त्यातून निसटला, असं माझं मत आहे. हप्त्याच्या वचनचिठ्ठ्यांवर मात्र १९७५ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम करून युनिकोचा मार्ग देशभर बंद केला. ते काम चोख झालं.

मग अमेरिकेत आणि बाकी जगात (आपल्याकडेही) उशिरा येणाऱ्या मालाला वाचवतं कोण? तर चार्जबॅक. आणि इथे बऱ्याच लोकांची गल्लत होते, बँकेच्या कॉल सेंटरवरच्यांचीही. चार्जबॅक हा संसदेने केलेला कायदा नाही. तो व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी आपल्या सभासद बँकांसाठी केलेला घरचा नियम आहे. वस्तू मिळाली नाही तर तुमची बँक दुकानदाराच्या बँकेकडून पैसे ओढून घेते. व्हिसात त्या कारणाला १३.१ असा क्रमांक आहे. आम्ही लोक जेवताना सुद्धा "तेरा-एक आला का" असं बोलायचो.

या नियमातलं घड्याळ मात्र मला मनापासून आवडतं, कारण ते कुणीतरी विचार करून लावलंय. मुदत १२० दिवसांची. पण मोजायची कुठून? पैसे भरल्याच्या तारखेपासून नाही, तर माल मिळायला हवा होता त्या तारखेपासून. सोफा १ जूनला येणार होता, तर घड्याळ १ जूनला सुरू. मात्र वर एक झाकण आहे, पैसे भरल्यापासून ५४० दिवस. त्यापलीकडे काहीही झालं तरी दार बंद. म्हणजे साधारण दीड वर्ष. दोन वर्षांनी मिळणाऱ्या वस्तूसाठी आज कार्डाने पूर्ण पैसे भरले असतील, तर माल चुकायच्या आधीच तुमचं संरक्षण संपलेलं असतं. आणि माल देण्याची तारीख कागदावर नसेल तर १२० दिवस कुठून मोजायचे यावरच अर्धं भांडण. म्हणून मी कुणालाही एकच आगाऊ सल्ला देतो, बयाणा देताना पावतीवर तारीख लिहून घ्या. "दिवाळीपर्यंत देतो" ही तारीख नव्हे.

पुन्हा ब्रिटनकडे, कारण तिथे पुढे एक झकास वकिली लढाई झाली. १९७४ साली कार्डाचं चित्र सोपं होतं. बँक, दुकान, गिऱ्हाईक. बँक स्वतः दुकानांशी करार करायची. नंतर चौथा गडी आला, दुकानाची बँक, आणि मधे व्हिसा-मास्टरकार्डचं जाळं. कार्डाच्या बँका म्हणू लागल्या की त्या दुकानाशी आमची थेट ओळखसुद्धा नाही, आणि दुकान परदेशात असेल तर ब्रिटिश कायद्याचा प्रश्नच येत नाही. ग्राहकांच्या बाजूने लढणारं ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग (ते २०१४ साली बंद झालं) कोर्टात गेलं. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचलं आणि ३१ ऑक्टोबर २००७ ला निकाल आला, मधे कितीही थर घाला, व्यवस्था ती व्यवस्थाच, आणि परदेशातली खरेदीही आत. मिडलवेअर टाकलं म्हणून जबाबदारी नाहीशी होत नाही! त्यामुळे लंडनच्या एखाद्या मराठी मुलीने तिथल्या क्रेडिट कार्डाने पुण्याच्या दुकानात लग्नाची पैठणी विणायला दिली, तर ती पैठणीही कलम ७५ च्या पदराखाली येते. फक्त मधे दलाल साइट आली, किंवा नवऱ्याच्या खात्यावरच्या जोडकार्डाने तिने स्वतःसाठी घेतली, तर साखळी तुटू शकते. तिथे बँका लगेच बोट ठेवतात.

आता नाण्याची दुसरी बाजू, कारण बँका काही धर्मादाय संस्था नाहीत. विमान कंपनी बुडाली तर न झालेल्या प्रवासाचे पैसे शेवटी दुकानाच्या बँकेच्या किंवा प्रोसेसरच्या अंगावर येतात. मग ते काय करतात? कंपनी डळमळीत वाटली की तिकिटांचे पैसे आपल्याकडेच अडकवून ठेवतात. एप्रिल २००८ मध्ये डेन्व्हरच्या फ्रंटियर एअरलाइन्सला तिच्या कार्ड प्रोसेसरने, फर्स्ट डेटाने, कळवलं की आता आम्ही तुमच्या तिकीटविक्रीतला बराच मोठा हिस्सा राखून ठेवणार. रोकड आटणार म्हटल्यावर फ्रंटियरने थेट दिवाळखोरीच्या संरक्षणाचा अर्ज केला. विमानं उडत राहिली, कंपनीही पुढे तगली, पण प्रवाशांना वाचवण्याची व्यवस्था कंपनीच्या गळ्याशी आली होती हे खरंच. लहान सुतार, लहान शिंपी यांच्या बाबतीतही हेच होतं. मला तरी हा सौदा बरा वाटतो. दुकान डळमळतंय हे बँकेला दिसतं, गिऱ्हाइकाला नाही. ज्याला दिसतं त्याने सावध व्हावं.

ज्यांच्याकडे कार्डच नाही त्यांचं काय, हा प्रश्न मात्र मला जास्त टोचतो. ऑक्टोबर २००६ मध्ये इंग्लंडात फेअरपॅक नावाची कंपनी बुडाली. ही नाताळची भिशी होती. बेताच्या मिळकतीची माणसं, बहुतेक बायका, वर्षभर थोडे थोडे पैसे भरत आणि नाताळला खाऊची टोपली किंवा खरेदीची कुपनं मिळत. लाखाहून जास्त लोकांचे पैसे नाताळच्या दोन महिने आधी गेले. कर्ज नव्हतं, म्हणून कलम ७५ नव्हतं. त्या उद्योगसमूहाच्या बँकेला परिस्थिती ठाऊक होती. २०१२ साली न्यायाधीशांनी त्या बँकेच्या वागण्यावर भर कोर्टात नापसंती दाखवली, पण कायदा तिने मोडला नव्हता. लोकांना अनेक वर्षांनी जेमतेम निम्मे पैसे मिळाले. उधार घेऊन चैन करणाऱ्याला संरक्षण आणि पै-पै साठवणाऱ्याला नाही, हा १९७४ च्या कायद्यातला विचित्र तिढा. कायदा कर्जाचा होता, त्यामुळे तो कर्जदारालाच ओळखत होता.

आणि आपण? आपल्याकडे कलम ७५ सारखं काही नाही. कार्डाने घेतलेल्या, अगदी ईएमआयवर घेतलेल्या वस्तूसाठीही तुमच्या हातात वर सांगितलेला चार्जबॅक आहे, आणि दुकानदाराविरुद्ध ग्राहक आयोग आहे. बँक सहआरोपी नाही.

पण गंमत म्हणजे उशिरा मिळणाऱ्या सगळ्यात महाग वस्तूबाबत, म्हणजे फ्लॅटबाबत, आपले कायदे तोच प्रश्न निराळ्या वाटेने सोडवायला बघतात. १९६३ च्या महाराष्ट्रातल्या फ्लॅट कायद्याने, ज्याला सगळे मोफा म्हणतात, बिल्डरला नोंदणीकृत कराराआधी २० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला बंदी केली. २०१६ च्या रेरामध्ये ती १० टक्क्यांवर आली आणि गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचं बंधन आलं. २०१८ साली दिवाळखोरीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन फ्लॅट घेणाऱ्यांना चक्क 'फायनान्शियल क्रेडिटर' म्हटलं गेलं आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते उचलून धरलं. मघाशी सोफ्याबद्दल म्हणालो ना, की तुम्ही गिऱ्हाईक नसून सावकार असता? तेच कायद्याने लिहून दिलं. रांगेत जागा थोडी पुढे सरकली.

एक कोपरा मात्र उघडाच राहिला. सबव्हेन्शन योजना ऐकल्या असतील. बँक तुमच्या नावावरचं कर्ज थेट बिल्डरला देणार आणि ताबा मिळेपर्यंतचं व्याज बिल्डर भरणार. २०१३ सालीच रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं होतं की बांधकाम जसं पुढे जाईल तसेच पैसे सोडा. तरी दिल्लीच्या आसपास हजारो लोक अडकले. इमारत अर्धवट, बिल्डरने व्याज थांबवलं आणि बँकेची वसुलीची नोटीस फ्लॅट घेणाऱ्याला. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने बिल्डर आणि बँकांचं साटंलोटं आहे का हे तपासायला सीबीआयला सांगितलं. बँकांचं म्हणणं काय होतं? कर्जाच्या कागदावर सही तुमची आहे, घर मिळालं की नाही ते तुम्ही आणि बिल्डर बघून घ्या.